गाडीखालचे म्हातारे

जुनी गाडी खोलून परत जोडली की एखादा नट उरतोच. गाडी सुरू होते, चालते, गिऱ्हाईक घेऊन जातं आणि तो नट आपल्या हातात राहतो. कुठला होता ते आठवत नाही आणि फेकवतही नाही. आम्ही तो पत्र्याच्या एका डब्यात टाकतो. आमच्या गॅरेजमधले किस्से असेच साठलेत. परवा मित्रांना सांगत बसलो होतो तर म्हणाले, लिहून काढ. म्हणून डबा उपडा करतोय.

गॅरेज अक्कलकोट रोडला आहे. मालक सिद्रामअण्णा, मूळचे दुधनीचे, वय सत्तरीच्या पुढं. मिस्त्री मी. डिप्लोमा दुसऱ्या वर्षात सोडला, घरच्यांशी भांडलो आणि इथं आलो. त्यामुळं गॅरेजात मला नावानं कुणी हाक मारत नाही. माझं नाव 'डिप्लोमा'.

रोजचे दोघं आणखी आहेत. देशमुखसाहेब पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत, त्यांच्याकडं लिलावात घेतलेली जुनी जीप आहे. नरसय्यामामा आयुष्यभर यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारे. त्यांच्याकडं पांढरी अॅम्बेसेडर आहे. हे दोघं गाडी दुरुस्तीला देत नाहीत. गाडी घेऊन येतात आणि स्वतःच खोलतात. अण्णा त्यांना जागा देतात, हत्यारं देतात, वर चहा पाजतात. अण्णा म्हणतात, ह्या लोकांना गाडीची आवड आहे. मी म्हणतो, हे लोक घरी नकोसे झालेत. दोन्ही खरं असेल.

राग मला एकाच गोष्टीचा येतो. आवड होती तर चाळीस वर्षं काय करत होतात? फायली आणि माग. आणि आता पांढऱ्या मिशांना ग्रीस लावून मला सांगतात, बाळा, शिक्षण पूर्ण कर.

* * *

देशमुखसाहेबांनी पहिल्याच दिवशी जीपचं डावीकडचं चाक काढायला घेतलं. नट हलेना. साहेब पान्यावर उभे राहिले. नोकरीत त्यांची बढती अडली असेल, पोट अडलं नव्हतं. तरी नट हलेना.

मी सांगितलं, साहेब, या जुन्या जीपांचे डाव्या चाकांचे आटे उलटे असतात. तुम्ही नट सोडवत नाही, आवळताय.

"तू दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलंस ना?" साहेब म्हणाले. "मग जरा थांब."

आणि पान्यावर उडी मारली. बोल्ट तुटला, पाना उडाला, साहेब खाली बसले. बसल्याबसल्या त्यांनी हल्लीच्या स्टीलच्या दर्जावर बोलायला सुरुवात केली. तो बोल्ट त्यांच्याच वयाचा होता.

अण्णा आले, वाकून बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, सरकारी गाडी हाय ही. हिचं सगळं उलटंच फिरणार की."

साहेब हसले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी नवा बोल्ट घेऊन स्वतः आले आणि कुणी ऐकत नाही असं बघून मला विचारलं, "कुठल्या बाजूला म्हणालास?"

* * *

गाडीखाली जाणं सोपं आहे. एक जुनी चादर अंथरायची, पाठीवर झोपायचं आणि सरकायचं. साठीनंतर अडचण येते ती बाहेर येताना. गुडघे वळत नाहीत, कंबर धरते. पण यातला एकही माणूस "मला उठवा" म्हणत नाही. मेला तरी म्हणणार नाही. म्हणून गॅरेजात एक पद्धत पडलीय. काम संपलं की खालून आवाज येतो, "बारा-तेराचा पाना दे." आपण पाना द्यायचा नाही, हात द्यायचा. हात धरून माणूस बाहेर येतो, कपडे झटकतो, आणि दोघंही त्या पान्याबद्दल काही बोलत नाहीत.

एकदा मी सामान आणायला गावात गेलो होतो. अण्णा जेवायला घरी. गॅरेजात एकटे नरसय्यामामा, तेही अॅम्बेसेडरखाली. तेवढ्यात स्कूटरला हवा भरायला कॉलेजचा एक पोरगा आला. खालून आवाज आला, "बारा-तेरा दे रे." पोरानं पाना शोधून खाली सरकवला. सज्जन पोरगा. मामांनी तो छातीवर ठेवला. मग म्हणाले, चौदा-पंधरा दे. पोरानं तोही दिला. मग सोळा-सतरा. मग अठरा-एकोणीस.

मी परत आलो तेव्हा अख्खा पाना सेट गाडीखाली होता आणि पोरगा घामाघूम होऊन मला म्हणाला, "दादा, काका फार मोठं काम करतायत वाटतं."

मी वाकून बघितलं. मामा छातीवर पाने ओळीनं मांडून वर बघत पडले होते. मला बघून म्हणाले, "आता जॅकच आण बाबा."

* * *

मामांच्या चष्म्याचं तसंच. लांबचं वरून दिसतं आणि जवळचं खालून, असला दोन भागांचा चष्मा. गाडीखाली झोपलं की बघायचं असतं वर आणि तेही जवळचं. मान मोडायची वेळ येते. मामांनी डोकं चालवलं आणि चष्मा उलटा लावला, नाकाची बाजू वर, काड्यांना सुतळी. म्हणाले, मागावर आम्ही यापेक्षा अवघड जोडण्या केल्यात.

झकास दिसायला लागलं. इतकं झकास की संध्याकाळी तसेच उठून पुतणीच्या साखरपुड्याला गेले. तिथं पाहुण्यांपैकी एकही जण काही बोलला नाही, कारण मामा मुलीकडचे थोरले. फोटोंतही तसेच आलेत. मामी दुसऱ्या दिवशी डबा द्यायला आल्या तेव्हा मीच विचारलं, तुम्ही तरी सांगायचं होतं. मामी म्हणाल्या, "चाळीस वर्षांनी पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघत होते. मी कशाला सांगू?"

* * *

अण्णांचं जेवण म्हणजे कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि कांदा. सोलापुरात कडक भाकरी सगळेच खातात, पण अण्णा ती मोडतात तेव्हा शेजारच्या वेल्डिंगवाल्याला कळतं की एक वाजला. त्यांचे दात अलीकडं हलायला लागले होते. घास घेतला की डोळ्यांत पाणी यायचं आणि ते चटणी तिखट झालीय म्हणायचे.

साहेबांनी सल्ला दिला, दुधात भिजवून खा, आमच्याकडं सगळे तसंच खातात.

अण्णांनी त्यांच्याकडं अशा नजरेनं बघितलं की जणू कुणी पेट्रोलमध्ये रॉकेल घातलं. "भिजवून खायाची तर कडक केली कशाला?"

आणि पुढचा तुकडा कडकन मोडला. डोळ्यांत पाणी. "चटणी लई तिखट केलीया आज."

* * *

आता अण्णांच्या कानाचं. आमच्या धंद्यात जुनी रीत आहे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालत्या इंजिनावर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. आत कुठं घरघर आहे, कुठं ठकठक आहे, सगळं कळतं. अण्णांकडं लाकडी मुठीचा एक स्क्रूड्रायव्हर आहे, माझ्या हाताएवढा लांब. गावातले मिस्त्री अडले की गाडी घेऊन अण्णांकडं यायचे. अण्णा टोक टेकवायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे. याचा त्यांना माज होता आणि तो ते लपवत नव्हते.

मग हळूहळू अण्णांना सगळ्याच गाड्या चांगल्या वाटायला लागल्या. खडखडणारी गाडी यायची, अण्णा मूठ कानाला लावायचे आणि म्हणायचे, मस्त चाललीय, घेऊन जा. दोन दिवसांनी तीच गाडी दोरीनं ओढून परत. गिऱ्हाईक शिव्या द्यायचं मला. साहेब आणि मामा यांना कळलं होतं, पण दोघं गप्प. म्हाताऱ्या माणसांची एक युनियन असते. एकमेकांचं काय गेलं ते बोलायचं नाही.

मी त्या युनियनमध्ये नाही. मी तोंडावर सांगितलं, अण्णा, तुम्हाला ऐकू येत नाही.

अण्णा म्हणाले, "मला येतंय रे. गाड्याच हळू बोलायला लागल्यात."

* * *

अण्णांचा मुलगा महेश पुण्यात कंपनीत आहे. त्यानं कानाचं यंत्र आणून दिलं. अण्णा ते घालून ऐटीत गॅरेजात आले. मी नेमका पत्रा ठोकत होतो. पहिल्याच ठोक्याला अण्णा जे दचकले ते थेट जॅकवर बसले. मग एअर कंप्रेसर सुरू झाला. अण्णांनी यंत्र उपसून काढलं आणि म्हणाले, ह्यात तर डोक्यातच वर्कशॉप उघडलंय.

तेव्हापासून यंत्र खिशात. चहाला बसले की घालायचे. इंजिनापाशी गेले की काढायचे. अण्णांचं म्हणणं, माणसांपुरतं ठीक आहे, इंजिनासाठी उपयोगाचं नाही.

पण एक उपयोग त्यांनी शोधला. साहेबांनी माझ्या शिक्षणाचा विषय काढला, की अण्णा सावकाश कानाकडं हात न्यायचे, यंत्र काढून खिशात ठेवायचे आणि पुढचा अर्धा तास प्रसन्न चेहऱ्यानं मान हलवत बसायचे. साहेब खूश, अण्णा खूश. मी महेशला फोन करून विचारलं, मला पण एक मिळेल का.

* * *

महेशबद्दल मी वाईट लिहिणार होतो, पण लिहिता येत नाही. तो चुकला नव्हता.

तो सुट्टीला आला होता आणि दारात उभा होता. मी मामांची अॅम्बेसेडर मागं घेत होतो. हॉर्न दिला, परत दिला. अण्णा गाडीच्या मागंच वाकून हत्यारं लावत होते, मला आरशात दिसत नव्हते. त्यांनी मान वर केली नाही. महेशनं पळत जाऊन त्यांना ओढलं. बंपर त्यांच्या हत्यारांच्या पेटीला लागला, पेटी चेपली. क्षणापूर्वी पेटीच्या जागी अण्णांची पाठ होती हे आम्हा सगळ्यांना कळलं.

महेश पांढरा पडला होता. म्हणाला, संक्रांतीची गड्ड्याची जत्रा झाली की हे शटर बंद. अण्णा पुण्याला चला. अण्णांनी पुण्याचा फ्लॅट बघितलाय. अकरावा मजला. गाडी वरून काडेपेटीएवढी दिसते. मला वाटलं अण्णा भांडतील.  त्यांनी चेपलेली पेटी उचलली आणि ठोकून सरळ करायला बसले.

त्याच दुपारी साहेबांची जीप उभी होती. तिच्यात बरेच दिवस एक बारीक कुईं येत होती आणि ती मला सापडत नव्हती. पट्टा बदलला, तरी तशीच. माझं म्हणणं, वॉटर पंप. खरं तर अंदाज. अण्णा उठले, म्हणाले, चालू कर.

त्यांनी लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक टेकवलं, मूठ कानाला लावली. चेहऱ्यावर काही नाही. दुसरा कान लावला. काही नाही. महेश बघत होता, साहेब जमिनीकडं बघत होते. अण्णांनी एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली, आणि मूठ दातांत धरली.

पंपावर टोक टेकवलं. मान हलवली, नाही. मग सरकत डायनामोवर आले आणि थांबले. डोळे मिटले. जबडा आवळला. बऱ्याच वेळानं तोंडातून मूठ न काढताच बोटानं दाखवलं, हे. मागचं.

डायनामो खोलला. मागच्या बेअरिंगचा पार भुगा झाला होता.

स्क्रूड्रायव्हर पुसायला मी हातात घेतला तर लाकडी मुठीवर दातांचे वण होते. ताजे नव्हते, जुने, काळे पडलेले. म्हणजे मी सामान आणायला गेलो की हे चालायचं. गाड्या दोरीनं ओढून यायच्या बंद कधी झाल्या, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मीही घरी जाऊन पंपाच्या मोटरवर करून बघितलं. दातातून हाड, हाडातून डोकं, आवाज येतो खरा. पण मला सगळं एकदम ऐकू आलं, त्यातलं काहीच कळलं नाही, आणि दोन दिवस जेवणाला ग्रीसची चव.

महेशनं अण्णांच्या यंत्र घातलेल्या कानाशी जाऊन विचारलं, "किती दिवस चाललंय हे?"

"लई दिस," अण्णा म्हणाले. "सांगायासारखं काय हाय त्यात? आज तू बघितलंस म्हणून."

महेश पुण्याला निघताना दोन गोष्टी ठरवून गेला. एक, अण्णांच्या खांद्याला हात लावल्याशिवाय गॅरेजात कुणी गाडी मागं घ्यायची नाही. दुसरी मला बाजूला घेऊन सांगितली. अण्णांना बिघाड सापडतोय तोवर शटर उघडं. ज्या दिवशी सापडणार नाही त्या दिवशी तू मला फोन करायचा, आणि खरं सांगायचं.

मी हो म्हणालो. मी खोटं बोलत नाही, म्हणून तर घरी भांडणं झाली.

* * *

मग अण्णांचा जबडा सुजला. ताप आला, हिरड्यांत पू झाला. मी त्यांना मोटारसायकलवर बसवून सात रस्त्याजवळ दातांच्या दवाखान्यात नेलं. निघताना त्यांनी काखेत फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेतलं. मला वाटलं डबा.

डॉक्टर मॅडम तरुण होत्या, माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठ्या असतील. अण्णांना खुर्चीत आडवं केलं, दिवा लावला, एकेक दात हलवून बघितला. सगळे हलत होते. पू उतरला की सगळे काढू, म्हणाल्या, आणि मग पूर्ण कवळी बसवू. अण्णांनी कानातलं यंत्र नीट केलं आणि विचारलं, भाकरी? मॅडम हसल्या. म्हणाल्या, कडक भाकरीसुद्धा खाल काका, आमच्याकडचे पेशंट खातात.

अण्णांचा चेहरा उजळला. किती तरी दिवसांत त्यांनी भाकरी नीट खाल्ली नव्हती. आम्ही समजायचो ती चटणी.

मग ते थोडा वेळ दिव्याकडं बघत पडून राहिले.

"कवळी हाडात रुतती का वर बसती?"

वर, मॅडम म्हणाल्या. हिरडीवर. रात्री काढून पाण्यात ठेवता येते, काही त्रास नाही.

 खुर्ची पार आडवी होती, पाय वर, डोकं खाली. अण्णांनी मान माझ्याकडं वळवली.

"डिप्लोमा, बारा-तेराचा पाना दे."

मॅडमनी ट्रेमधल्या हत्यारांकडं बघितलं. मी हात दिला. अण्णा उठून बसले, खाली उतरले, फडकं सोडलं. आत लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर. कोपऱ्यात दवाखान्याचा छोटा कंप्रेसर घुमत होता. अण्णा त्याच्यापाशी जाऊन उकिडवे बसले, टोक टेकवलं आणि मूठ उजवीकडच्या दातांत धरली. मान हलवली. डावीकडं धरली. मग पुढच्या दातांत. मग परत उजवीकडं, जरा मागं. एकेक दात घेऊन बघत होते. दुखत असणार, कारण डोळ्यांत पाणी होतं आणि इथं चटणी नव्हती. मॅडम माझ्याकडं बघत होत्या. मी भिंतीवरचं दात कसे घासावेत त्याचं चित्र वाचत होतो.

शेवटी एका जागी अण्णा थांबले. डोळे मिटले.

मग सावकाश उठले, मला हात मागितला नाही, खुर्चीत येऊन आडवे झाले आणि तोंडात बोट घालून दाखवलं. वरचा एक, त्याच्या खालचा एक.

"ह्यो आन् ह्यो ऱ्हाऊ द्या. बाकीचं काढा."

मॅडमनी खुर्ची थोडी वर घेतली आणि समजावून सांगितलं. त्या चिडल्या नाहीत, हे मला आवडलं. म्हणाल्या, हे दोन त्यातल्या त्यात घट्ट आहेत, औषधानं थोडे दिवस टिकतील, हे खरं. पण ते ठेवले तर कवळी घट्ट बसणार नाही. मग भाकरी विसरा. भात, खिचडी, दूध, एवढ्यावर राहावं लागेल. "आणि काका, नुसत्या ह्या दोन दातांनी तुम्ही खाणार काय?"

अण्णांनी फडकं झटकलं, स्क्रूड्रायव्हर नीट गुंडाळला आणि माझ्या हातात दिला.

"खायाला कोण ठेवतंय?"